टाईप वन आहे, नर्सिंगला नंबर लागलाय. फॉर्मवर लिहायचं का?

द्राक्षबागवाला | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमची बाग आहे. थोरली लेक यंदा बारावी सायन्स झाली, सीईटी दिली आणि मिरजेत बीएस्सी नर्सिंगला तिचा नंबर लागला. अकराव्या वर्षापासून तिला टाईप वन डायबेटिस आहे, म्हणजे अंगात इन्सुलिनच तयार होत नाही. रोज चार इंजेक्शनं, पाच-सहा वेळा बोट टोचून तपासणी. गावात अजून लोक विचारतात, "एवढ्या लहान पोरीला शुगर कशी झाली, गोड लई खायची का?" आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय.

पहिल्यांदा झालं तेव्हा पंधरा दिवसांत वजन सात किलोनं उतरलं. सारखं पाणी, सारखी लघवी, मग उलट्या. जवळच्या एका दवाखान्यात पित्त म्हणून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी श्वास जोरजोरात चालायला लागला तेव्हा रात्री जीपमधून मिरजेला पळवली. आयसीयूत चार दिवस होती. तिथल्या एका सिस्टरनं मला इंजेक्शन शिकवलं ते आयुष्यभर विसरणार नाही. आधी साधं सलाईन भरून माझ्याच पोटाला टोचायला लावलं. म्हणाल्या, "दुखलं का काका? तिलाही एवढंच दुखणार. आता हात कापायचा नाही." लेक कॉटवरून बघत होती. सिस्टर व्हायचं तिनं तिथंच ठरवलं असावं, कारण त्यानंतर दुसरं कुठलं नाव तिच्या तोंडून ऐकलं नाही.

प्रश्न असा आहे. प्रवेशाच्या कागदात मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट लागतं आणि फॉर्मवर 'दीर्घकालीन आजार असल्यास नमूद करा' अशी एक ओळ आहे. मेहुणे म्हणतात, "नाही लिहा. एकदा लिहिलं की चार वर्षं तेच बघतील, पुढं नोकरीलाही आडवं येईल." बायको म्हणते खरं लिहा. लेक काहीच बोलत नाही, नुसती बघते.

दुसरा प्रश्न, तिला नाईट झेपतील का? मनातलं सांगायचं तर मला तिनं बँकेची परीक्षा द्यावी असं वाटतं. पण हे तिला म्हणायचं धाडस होत नाही.

बेदाणा_बाजार | सोमवार, रात्री ११:१५

अभिनंदन दादा! पहिलं पेढे पाठवा, मग प्रश्न.

आमच्या आतेबहिणीला थायरॉईड आहे, ती सिव्हिलला स्टाफ आहे, काही अडचण नाही. काळजी करू नका.

कृष्णामाई_२०१९ | सोमवार, रात्री ११:४०

थायरॉईड आणि टाईप वन यांत फार फरक आहे हो. एक गोळी सकाळी घेऊन विसरता येते, दुसऱ्यात दिवसभर हिशोब ठेवावा लागतो.

अण्णा_खणभाग | मंगळवार, सकाळी ७:०५

कोणाला पटणार नाही, तरी लिहितो. मुलीबद्दल आदर आहे. पण सिस्टरचं काम म्हणजे दुसऱ्याचा जीव हातात. माझी आई मागच्या वर्षी बारा दिवस आयसीयूत होती. रात्री तीन वाजता तिची सलाईन बदलणाऱ्या मुलीला चक्कर आली असती तर? आपण पेशंटच्या बाजूनं विचार करतच नाही. बँक काय वाईट आहे? पाच वाजता घरी, रविवारी सुट्टी.

अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ७:३०

अण्णा, बँकेत पाच वाजता घरी? कुठल्या बँकेत ते कळवा, आम्ही पण अर्ज करतो.

नाईट_ड्यूटी | मंगळवार, सकाळी ९:२०

आत्ताच नाईट करून आले, झोपायच्या आधी लिहिते. शुद्धलेखन बघू नका.

दादा, मी तुमच्या मुलीच्या जागी होते. सोळाव्या वर्षी टाईप वन निघाला, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आता चौदा वर्षं झाली, सगळी मिरज-सांगलीतच. त्यामुळे दोन्ही बाजू सांगते, नुसतं 'सगळं छान होतं' सांगणार नाही.

पहिल्या नोकरीत मी लपवलं होतं. कोणी लपव म्हणून सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. इंटरव्ह्यूला विचारलं तेव्हा 'काही नाही' म्हणाले. इन्सुलिनचं पेन पर्सच्या तळाला पावडरच्या डब्यात ठेवायचे. टोचायला बाथरूममध्ये जायचे. सगळ्यांसमोर बोट टोचता येत नाही म्हणून तपासणी कमी केली आणि शुगर मुद्दाम जास्त ठेवायला लागले, कारण लो झाली, म्हणजे शुगर फार खाली गेली, तर पकडली जाईन ही भीती. लपवण्याचा पहिला तोटा हा की आपण आपल्याच आजाराशी चोरासारखे वागतो आणि कंट्रोल बिघडतो. माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) त्या वर्षी साडेनऊला गेलं होतं.

तिसऱ्या महिन्यात जे व्हायचं ते झालं. जनरल वॉर्ड, पहाटे चार. अँटिबायोटिक द्यायची ट्रॉली घेऊन निघाले. एका व्हायलचं (औषधाच्या बाटलीचं) लेबल वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तरी अक्षरं दिसतायत पण अर्थ लागत नाहीये. आणि लो झाल्यावर माणूस 'मला बरं वाटत नाही' असं म्हणत नाही, उलट चिडतो. मेंदूलाच साखर कमी पडलेली असते, तो काय सांगणार? वॉर्डातले मामा म्हणाले, "सिस्टर, घाम किती आलाय बघा." मी त्यांच्यावरच खेकसले. त्यांनी हातातून व्हायल काढून घेतली, खुर्चीवर बसवलं आणि एका पेशंटच्या नातेवाइकाचा थर्मासमधला गोड चहा पाजला. दहा मिनिटांनी मीटर लावला तर ६१. म्हणजे आधी किती असेल देव जाणे.

कुणाला काही इजा झाली नाही. पण सकाळी इन्चार्ज सिस्टरनी केबिनमध्ये बोलावलं. त्या आजारावर नाही चिडल्या. म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस तर मी तुला वॉर्डात एकटी ठेवली नसती. तू माझ्यापासून लपवलं नाहीस, त्या अठ्ठावीस पेशंटपासून लपवलंस."

हे ऐकून त्या हॉस्पिटलनं मला सांभाळून घेतलं असेल असं वाटेल. नाही घेतलं. प्रोबेशन संपल्यावर पत्र आलं, 'सेवेची आवश्यकता नाही'. कारण लिहिलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

दुसरीकडे गेले तिथं पहिल्याच दिवशी मेट्रननं (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) विचारायच्या आधी सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: लो झाल्याचं तुला स्वतःला कळतं का, आणि तुझ्यासोबतच्या मुलीला काय करायचं ते माहीत आहे का? मग ड्यूटी लावली. अकरा वर्षं तिथंच आहे.

झोपते आता. नाईटचं काय करते ते संध्याकाळी लिहीन.

कृष्णामाई_२०१९ | मंगळवार, सकाळी ९:४५

ताई, झोपा आधी. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अण्णा_खणभाग | मंगळवार, सकाळी १०:१०

सिस्टर, तुम्ही जे लिहिलंत ते वाचून माझाच मुद्दा पक्का होतो असं नाही का? मामा नसते तर?

वडूजकर | मंगळवार, दुपारी १:३०

माझा अनुभव थोडा वेगळा, आणि थोडा कडू. लिहू की नको असं चाललं होतं.

मी साताऱ्याची. जीएनएम झाले, सातारा शहरात वॉर्डात लागले. पंचविसाव्या वर्षी हाताची बोटं सुजायला लागली. आमवात निघाला, र्‍हुमेटॉइड. बाहेरून काही दिसत नाही, पण सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. आणि सकाळची ड्यूटी आठला. वॉर्डात सकाळी पहिलं काम काय? इंजेक्शनं भरणं. मला अँप्युल फोडता येत नव्हती. एवढीशी काच, अंगठ्यानं टक् करून तुटते, ती माझ्याच्यानं तुटेना. गॉज गुंडाळून फोडायचे, तरी हात थरथरायचा. पेशंट कुशीवर वळवायचा म्हटलं की मनगटातून कळ जायची. मावशी मदत करायच्या, पण रोज रोज कुणाला म्हणणार?

दोन वर्षं दात-ओठ खाऊन काढली. त्यात आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी चालू, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, आणि माझी ड्यूटी लागली टीबीच्या पेशंटजवळ. तेव्हा मात्र सांगावंच लागलं. (जाता जाता: मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मला एका दुकानदारानं पाकिटावर 'रोज १' लिहून दिलं होतं. मी सिस्टर होते म्हणून वाचले. रोज घेतली तर ती जिवावर उठते. घरात कुणाला चालू असेल तर आजच पाकीट बघा.)

शेवटी वॉर्ड सोडला. सोडताना खूप रडले, खोटं नाही सांगत. आता इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. फिरायचं, वॉर्डावॉर्डात बघायचं कोण हात धुतंय कोण नाही, कचरा बरोबर रंगाच्या पिशवीत जातोय का, कल्चरचे (जंतूंच्या तपासणीचे) रिपोर्ट गोळा करायचे, नवीन मुलींना शिकवायचं. शिक्षण तेच लागतं. नाईट नाही. हातांवर ताण नाही. पगारात फार फरक नाही. पण पहिली काही वर्षं मला 'खरी सिस्टर' राहिले नाही असं वाटायचं.

दादा, मुलीला प्रवेश घेऊ द्या. फक्त तिला एवढं माहीत असू द्या की नर्सिंग म्हणजे नुसता वॉर्ड नाही. मला हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर दोन वर्षं हाताची वाट लावून घेतली नसती.

लेले_काकू | मंगळवार, दुपारी २:००

मुलीचं लग्नाचं कसं करणार आहात? राग मानू नका, पण लोक विचारतात म्हणून.

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी २:०४

काकू, पोरगीला अजून हॉस्टेलची खोली मिळाली नाही आणि तुम्ही हॉल बुक करायला निघालात.

फुफ्फुस_वाले | मंगळवार, दुपारी ४:४०

मी बीएस्सी नर्सिंग दुसऱ्या वर्षाला, सांगलीत. मला दमा आहे, लहानपणापासून. आमचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला, हळदीच्या सिझनमध्ये हवाच पिवळी होते, त्यामुळे पंप खिशात हे जन्मापासूनचं.

फॉर्मवर लिहिलं होतं. कुणी काही विचारलं नाही, एका मॅडमनी पंप दाखव म्हटलं एवढंच. त्रास मला अपेक्षित होता तिथं झालाच नाही. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमधलं फॉर्मॅलिन आणि फरशी पुसायचा उग्र जंतुनाशकाचा वास, हे दोन शत्रू. पावडरवाले लॅटेक्स ग्लोव्हजही.

दादा, विद्यार्थिनी म्हणून एक सांगते, नाईटची काळजी नंतर करा. पहिल्या वर्षी खरा त्रास जेवणाच्या वेळेचा असतो. पोस्टिंग (वॉर्डातलं शिकाऊ काम) संपवून कॉलेज, कॉलेज संपवून मेस, आणि मध्येच 'सरांचा राउंड आहे, कुणी जायचं नाही'. माझ्या बॅचमध्ये एक टाईप वनवाली आहे. एकदा तिनं जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि राउंड लागला, चाळीस मिनिटं. तेव्हापासून ती ताट समोर आल्याशिवाय पेन बाहेर काढत नाही.

आणि सुया हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकायला देऊ नका. सफाईच्या मावशींच्या हाताला टोचतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या आणि बाटली भरली की पोस्टिंगच्या वॉर्डात विचारून द्यायची. धारदार वस्तूंसाठी तिथं पांढरा डबा असतोच, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे ते. परीक्षेला हमखास येतं.

नाईट_ड्यूटी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

उठले. अण्णा, तुमचा मुद्दा मी खोडून काढत नाही. मामा नसते तर त्या रात्री चूक होऊ शकली असती, हे मला चौदा वर्षं माहीत आहे. पण ती चूक टाईप वनमुळे झाली असती की लपवल्यामुळे तपासणी टाळली म्हणून, याचा विचार करा. सलग दोन ड्यूट्या केलेली धडधाकट मुलगी पहाटे चार वाजता किती शुद्धीत असते हे मी रोज बघते. ती किती थकली आहे ते दाखवणारं यंत्र नाही. माझी शुगर किती आहे ते दाखवणारं यंत्र माझ्या खिशात आहे.

आता नाईटचं. हे माझं आहे, तुमच्या मुलीचं तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

रात्री आठ ते सकाळी आठ. लांब पल्ल्याचं इन्सुलिन मी कुठलीही ड्यूटी असो, रात्री नऊलाच घेते, सकाळ-दुपार-रात्र बदलली तरी ती वेळ हलवत नाही. दहा, एक आणि चार वाजता तपासणी. चारची कधीच चुकवत नाही. सत्तरच्या खाली म्हणजे लो. मग तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटं बसायचं, परत तपासायचं. त्या पंधरा मिनिटांत औषधाला हात लावायचा नाही. हा माझा स्वतःचा नियम आहे आणि जोडीदारणीला माहीत आहे. ती बघते तोवर.

दंडावर लावायचा सेन्सर येतो, चौदा दिवस चालतो. सुईविना आकडा कळतो, खाली जायला लागली की वाजतो. कायम लावणं मला परवडत नाही, म्हणून नाईटच्या पंधरवड्यातच लावते.

आणि लो मध्ये काय खायचं यावर एक. सगळे पेढा, चॉकलेट, बर्फी देतात. साताऱ्याचा कंदी पेढा कितीही आवडता असला तरी लो मध्ये उपयोगाचा नाही, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तुम्ही तासगावचे, तुमच्याकडे बेदाणा आहे. दोन मोठे चमचे बेदाणे म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम कार्बोहायड्रेट. जरा चावावे लागतात, म्हणून फार खाली गेली असेल तर साखरपाणीच. पण युनिफॉर्मच्या खिशात विरघळत नाहीत, मुंग्याही साखरेइतक्या लागत नाहीत. माझ्या खिशात कायम असतात, आणि अर्धे मैत्रिणी खातात.

नाईटवरून घरी जाताना गाडीला किल्ली लावायच्या आधी तपासायचं. मिरज-सांगली रस्त्यावर सकाळी आठला काय ट्रॅफिक असतं ते माहीत आहेच.

बेदाणा_बाजार | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

आमच्या मालाची एवढी जाहिरात आजवर कुणी केली नाही. ताई, पत्ता द्या, पाच किलोचा बॉक्स पाठवतो.

डॉ_नदीकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

मी फिजिशियन, जिल्ह्यातच. कागदाचं मी सांगतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रवेशाच्या अटींत उमेदवार 'मेडिकली फिट' असावा असं म्हटलं आहे. टाईप वन असलेली व्यक्ती अनफिट ठरते असा अर्थ त्यातून निघत नाही. सर्टिफिकेट देताना मी काय बघतो? गेल्या वर्षभरात दुसऱ्याच्या मदतीशिवाय न सुधारणारी लो झाली का? लो होताना लक्षणं जाणवतात का? (वारंवार लो होत राहिली तर घाम, धडधड हे इशारे बोथट होतात. ते सगळ्यात धोक्याचं, पण काही आठवडे काटेकोरपणे लो टाळल्या की इशारे बऱ्याचदा परत येतात.) डोळ्यांचा पडदा तपासला का? एचबीएवनसी किती? हे ठीक असेल तर मी 'फिट' लिहितो आणि खाली 'टाईप वन मधुमेह, इन्सुलिनवर, नियंत्रणात' असंही लिहितो. दोन्ही एकाच कागदावर बसतं.

कायद्याचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत, टाईप वन नाही. म्हणजे राखीव जागा नाही आणि त्या कायद्याचं कवचही नाही. वरच्या सिस्टरना 'आवश्यकता नाही' असं पत्र देऊन मोकळं होता आलं ते असं कवच नसल्यामुळेच. ही उणीव खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका एमबीबीएसच्या उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं की अपंगत्वाचा नुसता टक्का बघून दार बंद करता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासलं पाहिजे. टाईप वनला तो निकाल थेट लागू नाही, पण प्रश्न विचारायची रीत तीच योग्य आहे. अण्णा, तुमचा प्रश्नही तसाच विचारा: हिला झेपेल का, आणि कशानं झेपेल?

अवांतर, पण राहवत नाही. रॉबर्ट लॉरेन्स नावाचा ब्रिटिश डॉक्टर होता. सर्जन व्हायला निघालेला, १९२० मध्ये मधुमेह निघाला. इन्सुलिन तेव्हा नव्हतंच. फार जगणार नाही हे त्याला स्वतःलाच माहीत होतं, आई-वडिलांसमोर मरायला नको म्हणून इटलीत फ्लॉरेन्सला गेला. तिथंही स्वस्थ बसला नाही, प्रॅक्टिस करत राहिला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या पेशंटला इन्सुलिन टोचलं गेलं, १९२३ मध्ये लॉरेन्सला लंडनहून निरोप आला की औषध सापडलंय, लवकर परत ये. तो जेमतेम पोचला. पुढं लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात त्यानं मधुमेहाचा मोठा विभाग उभा केला आणि १९३४ मध्ये रुग्णांची संघटना काढली. त्याच १९३४ साली वैद्यकाचं नोबेल मिळालेल्यांत जॉर्ज मिनॉट होता, अमेरिकन डॉक्टर, तोही इन्सुलिनवर जगणारा.

आपल्याकडे असे डॉक्टर-सिस्टर नाहीत असं नाही. त्या पावडरच्या डब्यात पेन ठेवतात म्हणून आपल्याला माहीत नसतात.

अण्णा_खणभाग | मंगळवार, रात्री १०:०५

डॉक्टर, ठीक आहे. माझ्या आईच्या वेळी रात्रीच्या सिस्टरला कुणी विचारलं नव्हतं की तू जेवलीस का, हे आत्ता आठवलं. आम्हीही नाही विचारलं. तरी फॉर्मवर लिहावंच आणि ड्यूटी लावणाऱ्याला माहीत असावंच, यावर मी ठाम आहे.

नाईट_ड्यूटी | मंगळवार, रात्री १०:१२

अण्णा, मग आपण सकाळपासून भांडत कशावर होतो?

द्राक्षबागवाला | बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बागेत छाटणीच्या माणसांची जुळवाजुळव चालू होती, उत्तर द्यायला जमलं नाही. फोन घरी चार्जिंगला होता आणि धागा उघडाच होता. लेकीनं सगळा वाचला. बँकेचं पण वाचलं.

काही बोलली नाही. जेवताना म्हणाली, "बाबा, फॉर्म मी शनिवारीच भरलाय. त्या ओळीत लिहिलंय. आईला माहीत आहे." मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

आज तिच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं. डॉ. नदीकाठ, तुम्ही लिहिलंत तेच प्रश्न त्यांनी विचारले. डोळ्यांची तपासणी दोन वर्षं राहिली होती, ती करून आलो, पडदा चांगला आहे. वडूजकर ताई, तुमचं तिनं दोनदा वाचलं. मला विचारलं, "त्यांनी अँप्युल फोडायचं कटर वापरलं नसेल का?" मला काय माहीत, म्हटलं तूच विचार. लाजते.

बँकेचं ती विसरणार नाही असं दिसतंय.

आता एक अडचण. हॉस्टेलला खोलीत फ्रीज नाही. वॉर्डन म्हणाल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल, पण ऑफिस सहाला बंद होतं.

वडूजकर | गुरुवार, सकाळी ७:५०

तिला सांगा कटर होतं, पण ते धरायलाही बोटांची पकड लागते. प्रश्न बरोबर विचारलाय. वॉर्डात असेच प्रश्न विचारत राहा म्हणावं.

कृष्णामाई_२०१९ | गुरुवार, सकाळी ८:१५

फ्रीजचं माझ्याकडून घ्या, पुरातला अनुभव आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही गावभागात वरच्या मजल्यावर अडकलो होतो. धोक्याची पातळी ४५. लाईट गेलेली. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, त्यालाही टाईप वन. फ्रीज बंद, आत पाच कार्ट्रिज (पेनात बसणाऱ्या इन्सुलिनच्या नळ्या). तेव्हा कळलं की चालू केलेलं पेन फ्रीजमध्ये लागतच नाही, तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालतं (कंपनीनुसार थोडं कमी-जास्त, पाकिटावर असतं). फ्रीज लागतो तो न फोडलेल्या साठ्याला, दोन ते आठ अंश. आम्ही एक मडकं घेतलं, तळाला ओली वाळू, वर छोटं मडकं, त्यात डब्यात कार्ट्रिज, वरून ओलं फडकं. पावसाळा होता म्हणून फार प्रश्न आला नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र मडक्याला सावली आणि वारा दोन्ही लागतं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं.

म्हणजे तिच्या खोलीत महिन्यापुरतं मडक्यात, बाकी साठा ऑफिसच्या फ्रीजमध्ये. सहाच्या आत महिन्यातून एकदा जाणं जमेल की. फक्त बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका म्हणावं, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. ऑफिसवाल्यांना हे माहीत नसतं, ते थंड राहावं म्हणून मुद्दाम वरच ठेवतात.

फुफ्फुस_वाले | गुरुवार, सकाळी ८:४०

आणि डब्यावर नाव लिहा. हॉस्टेलच्या फ्रीजमधून माझी बासुंदी गेली होती. इन्सुलिन कोण खाणार नाही, पण डबा हलवतात.

द्राक्षबागवाला | गुरुवार, सकाळी ९:३०

मडक्याचं तिला पटलं. मिरजेत चांगलं मडकं कुठं मिळेल? आणि सामान न्यायला कुठला दिवस बरा? शुक्रवारी न्यायचं म्हणतोय.

नाईट_ड्यूटी | गुरुवार, सकाळी ९:५५

शुक्रवार नको. अनंत चतुर्दशी आहे, मिरजेत दुपारनंतर कमानींमुळे आणि मिरवणुकीमुळे गाडी आत येणार नाही, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. रविवारी सकाळी या. मडकं मी आणून ठेवते, आमच्या घराजवळच कुंभार आहे. मी नाईट करून साडेआठला सुटेन, तिला गेटवर भेटते. ओळखायला सोपं आहे, दंडावर पांढरं बटण दिसेल.